दहावा हिस्सा

आमच्या कार्यालयात लाकूड म्हणजे मी. पोलाद म्हणजे खिडकीजवळचे गृहस्थ, धान्य म्हणजे जिन्यालगत बसणाऱ्या बाई, आणि लाकूड म्हणजे मी. परदेशातून कुठल्या वर्षी किती किमतीचा कोणता माल आला, याचे तक्ते करणं हे आमचं काम. माझ्याकडे कठीण लाकूड, ज्याला व्यापारी हार्डवुड म्हणतात ते: ओक, बीच, महोगनी, सागवान, कापून फळ्या केलेलं. एकोणीस वर्षं मी हे केलं आणि एकोणीस वर्षांत माझ्या बोटात एकदाही फळीचं कुसळ गेलं नाही. ओक आणि बीच शेजारी ठेवले तर कुठलं कुठलं ते मला सांगता येणार नाही. याची मला लाज वाटत नसे. उलट लाकूड ओळखायला सुतार आहेत, मी आकडे ओळखतो, असं मी चारचौघांत ऐटीत म्हणत असे.

तक्ता साधा असतो. उभ्या रकान्यांत सहा देश, आडव्या ओळींत वर्षं. प्रत्येक देशापुढे दोन आकडे. तुमच्याकडून एवढ्याचं लाकूड आलं, असं आपलं कस्टम म्हणतं तो एक. तुम्हाला एवढ्याचं विकलं, असं तो देश म्हणतो तो दुसरा. घरखर्चाचा नवऱ्याचा आकडा आणि बायकोचा आकडा जसे कधी जुळत नाहीत, तसे हेही जुळत नाहीत. मुख्य कारण भाडं. विकणारा आपल्या धक्क्यावरची किंमत सांगतो. आपण आपल्या धक्क्यावरची लिहितो, त्यात जहाजाचं भाडं आणि विमा आलेला असतो. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यांच्या आकड्यात दहावा हिस्सा मिळवायचा, हा आमचा ठोकताळा. तेवढं केलं की बऱ्यापैकी जुळतं.

तक्ता बाहेर जाण्याआधी दोघांनी तो मोठ्याने वाचायचा, ही आमच्याकडची फार जुनी पद्धत. एकाने मूळ कागदावरून आकडा म्हणायचा, दुसऱ्याने तक्त्यावर पेन्सिलीने खूण करायची. माझ्या जोडीला जे गृहस्थ बसत ते प्रत्येक खुणेबरोबर "बरोबर" म्हणत, म्हणून सगळं कार्यालय त्यांना बरोबरराव म्हणे. दुपारभर आमच्या कोपऱ्यातून "चार हजार एकशे बारा", "बरोबर", असं एकसुरी चालायचं. आकडा उतरवताना चुकला तर या पद्धतीने सापडतो. पण आकडा नीट उतरवून त्याचा अर्थच चुकीचा लावला असेल, तर तोही "बरोबर" म्हणवून घेऊन बाहेर जातो. हे मला ठाऊक होतं. फक्त ते इतरांना लागू आहे, अशी माझी समजूत होती.

आणखी एक सांगायला हवं. दर वर्षी सहा देशांचे सहा लिफाफे येत. आत आकड्यांचे कागद आणि वर एक पत्र. पत्रात सहकार्याबद्दल आभार, नव्या अधिकाऱ्याचं नाव, कळावे वगैरे. मी पत्र काढून टेबलाखालच्या खोक्यात टाकायचो आणि आकडे वर घ्यायचो. नव्याने येणाऱ्याला सांगायचो, की पत्रं वाचायची नसतात, आकडे वाचायचे असतात. पत्र गोड बोलतं, आकडा गोड बोलत नाही. हे वाक्य माझं इतकं लाडकं, की एका निरोपसमारंभात मी ते भाषणातही घातलं. टाळ्या पडल्या. आज ते आठवलं की कान तापतात.

माझी ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचे यजमान, आमचे दाजी, बंदरावर कस्टममध्ये तपासनीस. त्यांचं सगळं आयुष्य लाकडाच्या शेडमध्ये गेलं. आलेली फळी टेपने मोजायची, जात ओळखायची, प्रत ठरवायची, आणि व्यापाऱ्याने कागदावर लिहिलेली किंमत पटते का ते पाहून सही करायची. फळीला नखाने ओरखडा काढून ते नाकाजवळ नेत आणि कुठल्या देशाची ते सांगत. मला ते मेहुणे म्हणत, अहोजाहो करत, सगळं थट्टेत. आमचे मेहुणे लाकडातले सर्वज्ञ आहेत, फक्त लाकूड तेवढं पाहिलेलं नाही, असं पाहुण्यांना सांगत. सगळे हसत, मीही हसे. मनात मात्र ते टोचायचं, आणि कधीतरी याचं उत्तर द्यायचं अशी एक खूणगाठ मी बांधून ठेवलेली होती. हे आज कबूल करतो. तेव्हा केलं नसतं.

गेल्या वर्षी तक्ता करताना एका देशाच्या रकान्यावर माझी नजर अडली. जुन्या वर्षांत भाडं मिळवलं की दोन्ही आकडे जवळजवळ जुळत होते. चार वर्षांपूर्वीपासून मात्र ते फाटले होते. आपण शंभराचं लाकूड आलं म्हणत होतो, तेव्हा भाडं मिळवून त्या देशाचा आकडा एकशे दहा होत होता. एका वर्षी नव्हे, चारही वर्षं. याचा सरळ अर्थ असा निघत होता, की त्या देशाच्या लाकडाची किंमत आपल्या बंदरावर मुद्दाम कमी लावली जाते, कर बुडतो, आणि कोणीतरी त्यात हात ओले करून घेतं. त्या देशाचं लाकूड एकाच शेडमध्ये उतरतं. दाजी त्या शेडचे प्रमुख झाले त्याला चार वर्षं झाली होती.

हे मला तेव्हाच दिसलं का? दिसलं. खोटं कशाला बोलू. पेन्सिल हातात धरून मी मिनिटभर थांबलो होतो. मग आकड्यांना नातीगोती नसतात, असं स्वतःशी म्हणालो आणि त्या वाक्यावर खूश झालो. दुसऱ्या कोणी निदान एकदा दाजींना विचारलं असतं, की त्या देशाच्या लाकडात चार वर्षांत काही बदललं का. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर. मी गेलो नाही. गेलो तर नात्यासाठी गेलो असं होईल, हे माझं तत्त्व. तत्त्वाच्या आड आळस लपतो आणि जुना रागही लपतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं.

मी तीन पानी टिपण लिहिलं. सुतावरून स्वर्ग कसा गाठावा याचा तो नमुना होता, पण आमच्या संचालकबाईंना फार आवडला. एकोणीस वर्षांत प्रथमच त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. बाईंनी टिपण आपल्या सहीने वर पाठवलं, वरून ते बंदरावर गेलं, आणि एका सोमवारी दाजींना शेडमधून उठवून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. चौकशी लागली, तीन महिन्यांनंतरची सुनावणीची तारीख मिळाली. दोष सिद्ध झाला तर निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना नोकरी जाणार होती. तीस वर्षांत कमावलेलं नाव जायला तर सुनावणीचीही गरज पडली नाही.

मी भेटायला गेलो. दाजींनी नेहमीसारखं "या मेहुणे" म्हटलं आणि खुर्ची पुढे ओढली. ताईने विचारलं, की हे तुमच्याच कार्यालयातून आलंय ना रे. मी म्हणालो, तसले कागद दहा हातांतून जातात. हे खरंच होतं. पहिला हात कोणाचा ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग ती चहा टाकायला आत गेली. मी तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि आवाज जमेल तेवढा सहज ठेवून विचारलं, "ताई, एवढ्यात घरात काही मोठं घेतलं का गं?"

ती म्हणाली, पंखा घेतला, जुना फार कुरकुर करायचा. मग वळून तिने माझ्याकडे पाहिलं आणि का रे म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सहज. परत जाताना मी बसने गेलो नाही. वाटेतल्या विजेच्या सामानाच्या दुकानाशी थांबून काचेतल्या पंख्यांच्या किमती वाचल्या. ताईकडचा पंखा सगळ्यांत स्वस्तातला निघाला. मला जरा निराशाच वाटली. एवढा मी खाली उतरलो होतो.

पुढचे अडीच महिने मी ताईकडे जाण्याचं टाळलं. बायकोच्या कानावर तिच्या खबरी येत. दाजींचे शेडमधले जुने सोबती रस्त्यात दिसले तर फोन कानाला लावतात. ताईने भाजीवाल्याची वेळ बदलली, शेजारणी नसतील तेव्हा ती खाली उतरते. बायको मला म्हणाली, तुमचं लाकडाचं खातं आहे, तुम्ही काही बघा ना. मी चिडलो, चौकशी चालू असताना त्यात हात घालता येत नाही म्हणालो. माझा आवाज इतका चढला, की तिने उठून खिडकी लावली.

सुनावणीला पंधरा दिवस असताना चौकशी अधिकाऱ्यांचा निरोप आला, की त्या देशाकडून आकड्यांसोबत आलेली मूळ पत्रं जोडून पाठवा. मी कपाळाला आठी घातली. पत्रांत काय असणार? तरी टेबलाखालचं खोकं ओढलं आणि एकेक पत्र काढायला बसलो. चार वर्षांपूर्वीचं पत्र दोन पानी होतं. पहिल्या पानावर आभार. दुसऱ्या पानावर, सहीच्या जरा वर, एक ओळ होती. या वर्षापासून आमच्या आकड्यांत जहाजभाडे व विमा समाविष्ट आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

ती ओळ मी कितीदा वाचली कोण जाणे. त्यांनी भाडं धरूनच आकडा दिला होता आणि मी त्यावर पुन्हा भाडं मिळवत होतो. चार वर्षं, न चुकता. मी कागद ओढून दहावा हिस्सा काढून टाकला आणि आकडे पुन्हा शेजारी मांडले. इतके चोख ते बाकीच्या पाच देशांचेही जुळत नव्हते. दाजींनी लावलेली एकेक किंमत खरी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझा कळसा तर पायाशी, बुटांना लागत होता.

"काय झालं, जुळत नाही का?" बरोबररावांनी विचारलं.

"जुळतंय."

"बरोबर," ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

त्या क्षणी, दाजी सुटले, असं माझ्या मनात यायला हवं होतं. तसं आलं नाही. आधी हे आलं, की हे पत्र अजून कोणी वाचलेलं नाही. लिहायला नको वाटतं, पण झालं ते असं. पाच मिनिटं मी ते पत्र घडी करून हातात धरून बसलो होतो. मग इतका वाईट मी नाही, अशी स्वतःची पाठ थोपटली आणि मधली वाट काढली. सुधारलेला तक्ता केला, पत्रं जोडली, आणि तक्त्याच्या तळाला बारीक अक्षरात टीप दिली: 'संबंधित देशाच्या मूल्यनोंदणीतील बदलामुळे मागील चार वर्षांचे आकडे सुधारण्यात आले आहेत.' यातला एकही शब्द खोटा नाही. वाचणाऱ्याला वाटावं, त्या देशाने काहीतरी बदललं आणि आम्ही तत्परतेने सुधारलं. बदल चार वर्षांपूर्वीच कळवलेला होता, तो मी वाचला नव्हता, आणि त्या न वाचलेल्या ओळीवर एका माणसाला चोर ठरवलं होतं, हे त्यात कुठेच नव्हतं.

संचालकबाईंनी टीप दोनदा वाचली. त्यांना सगळं कळलं असणार. या वेळी खुर्ची मिळाली नाही, पण सही मिळाली. टिपण त्यांच्याही सहीने वर गेलेलं होतं, तेव्हा झाकली मूठ त्यांनाही बरीच होती.

चौकशी बंद झाली. आदेशात मात्र निर्दोष हा शब्द नव्हता. पुरेशा पुराव्याअभावी चौकशी बंद करण्यात येत आहे, एवढंच होतं. दाजी शेडवर परत गेले. पुराव्याअभावी सुटलेला माणूस म्हणजे कसला माणूस, हे गोदीवर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आठ दिवसांत त्यांना अभावीसाहेब हे नाव पडलं. टेप लावायला वाकले की मागून कोणीतरी म्हणे, साहेब, नीट मोजा हं. ताईने मला हे फोनवर सांगितलं. हसत सांगायला लागली आणि मध्येच तिने फोन ठेवला. चूक माझी होती, दाजींची नव्हती, एवढं मी सहीनिशी लिहून दिलं असतं तर ते नाव त्याच दिवशी पुसलं गेलं असतं. मी लिहिलं नाही. रोज सकाळी आज लिहू म्हणायचो, दुपारी बरोबररावांसोबत आकडे वाचायचो, आणि संध्याकाळी छत्री घेऊन घरी जायचो. असे दोन महिने गेले.

मग एका रविवारी ताईने जेवायला बोलावलं. टाळायला कारण उरलं नव्हतं. गेलो तर शेजारच्या बाईही आलेल्या, आणि ताई त्यांना सांगत होती, की माझ्या भावाने शोधून काढलं म्हणून हे सुटले, नाही तर आम्ही काय करणार होतो. कार्यालयाने सुधारलेला तक्ता पाठवला एवढं तिला दाजींकडून कळलेलं, पुढचं तिने आपल्या मनाने जुळवलं होतं. तिने पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. आग्रह करून दोनदा वाढलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो आणि तरी मान हलवून हसत होतो. दाजींनी फक्त पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

जेवणं झाल्यावर शेजारच्या बाई गेल्या. दाजी मला गॅलरीत घेऊन आले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं.

"तुला एक सांगू?" ते म्हणाले. मेहुणे नाही, अहोजाहो नाही. "खाणारा माणूस दर वर्षी मोजून दहावाच हिस्सा खात नाही. एखाद्या वर्षी हावरटपणा करेल, एखाद्या वर्षी घाबरून हात आखडेल. चार वर्षं दहाला दहा, हे माणसाचं काम नव्हे. हे सूत्राचं काम."

कधी कळलं, असं मी विचारलं.

आरोपाचा कागद हातात पडला त्याच आठवड्यात, असं त्यांनी सांगितलं. त्या देशाच्या बिलांवर पूर्वी लाकडाची किंमत वेगळी आणि भाडं वेगळं असे. चार वर्षांपासून एकच रक्कम येते, सगळं धरून. शेडमधल्या हमालालाही हे माहीत होतं. दाजींनी चौकशी अधिकाऱ्यांना तसं सांगूनही पाहिलं. अधिकारी म्हणाले, आकडेवारीवाल्यांना हे कळत नसेल का, आणि तिथे तर तुमचेच मेहुणे बसतात ना. यावर दाजी गप्प बसले.

"मग पुढे रेटलं का नाहीत?"

"काय सांगू? मी सरळ आहे, माझ्या बायकोचा भाऊ चुकलाय, असं? आरोपीचं कोण ऐकतं. आणि ऐकलं असतं तर तुझी नोकरी." त्यांनी कठड्यावर हात टेकले. "मूळ पत्रं मागवून घ्या, एवढं मी अर्ज करून मागितलं. म्हटलं, एकदा खोकं उघडलं की तुलाच दिसेल. दिसलं की तू येशील."

मी कठड्याला धरून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"दोन महिने झाले," ते म्हणाले. "दारावर कोणी आलं की वाटायचं, तू असशील."

ते रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. लोक लाजेने जमीन दुभंगावी म्हणतात. मला तर तिसऱ्या मजल्याची गॅलरीही पुरेशी वाटली. कसाबसा म्हणालो, की उद्या शेडवर येऊन सगळ्यांसमोर सांगतो, आणि संचालकबाईंनाही लेखी देतो. दाजींनी मान हलवली.

"शेडवर सांग. तिथे गरज आहे. घरात नको सांगूस. तिला तू एकच भाऊ आहेस."

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो. ओकच्या की बीचच्या, कुठल्याशा फळ्यांच्या थप्पीशेजारी उभं राहून हमाल, कारकून, दलाल सगळ्यांसमोर, चूक कोणाची आणि कशी झाली ते सांगितलं. कोणी हसलं नाही. एक म्हातारा हमाल दाजींकडे जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या हातातली टेप धरून फळीच्या दुसऱ्या टोकाला गेला. कार्यालयातही मी लेखी दिलं. माझ्याकडून लाकूड काढून घेतलं, आता मी कपड्यांची बटणं आणि चेन बघतो. पण हे सगळं तसं सोपं गेलं. त्याआधी रविवारी गॅलरीतून आत आल्यावर जे झालं ते सोपं नव्हतं.

दाजींनी नको म्हटलं होतं. पण ताईने मला वाढलेलं ते जेवण पोटात घेऊन मला जिना उतरता येईना. ती स्वयंपाकघरात भांडी पुसून ठेवत होती. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. टिपण माझं, पत्र मी वाचलं नाही, टीप माझी, दोन महिने गप्प बसलो तो मीच. मध्ये थांबलो नाही; थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. ती पुसत राहिली. लहानपणी मी खोटं बोललो की ती एक ठेवून द्यायची. आताही द्यावी असं मला मनापासून वाटत होतं.

"बाबू," ती म्हणाली, "तू त्या दिवशी विचारलंस ना, घरात काही मोठं घेतलं का म्हणून?"

मी मान खाली घातली.

"मला तेव्हाच कळलं होतं, तुला काय विचारायचंय ते. तिथल्या तिथे तुला हाकलायला हवं होतं मी. पण तुझं गणित शाळेपासून कधी चुकलं नाही. मला वाटलं, बाबू विचारतोय म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार." तिने एक पातेलं पालथं घातलं. "दुसऱ्या दिवशी हे गेल्यावर मी ह्यांचं कपाट काढलं. सगळे कपडे खाली घेतले. एकेक खिसा उलटा करून पाहिला. एकतीस वर्षांत मी ह्यांच्या खिशात हात घातला नव्हता रे."

"ताई," मी म्हणालो.

"काही नव्हतं. काय असणार होतं? मग सगळं पुन्हा नीट घडी करून लावून ठेवलं, ह्यांना कळू नये म्हणून. संध्याकाळी हे आले. कपाट उघडलं आणि तसेच उभे राहिले. मी इथून बघत होते. मग म्हणाले, घड्या छान घातल्यास." तिने दुसरं पातेलं उचललं. "ह्यांच्या कपड्यांच्या घड्या हे स्वतः घालतात. लग्न झाल्यापासून."

तिने फडकं ओट्यावर ठेवलं. हात आधीच कोरडे होते तरी पदराला पुसले.

"त्यावर हे कधी बोलले नाहीत. मीही नाही," ती म्हणाली. "तू तुझं सांगितलंस. आता मला माझं सांगायला पाहिजे."

दाजी अजून गॅलरीतच उभे होते. ती माझ्या बाजूने त्यांच्याकडे गेली आणि तिने मागे दार ओढून घेतलं. मी ओट्याशी उभा राहिलो. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकण्याचा हक्क मला नव्हताच.